गंगूबाई थांब म्हणेल तेव्हा

देपालपूरच्या अलीकडे जयसिंगराव ढमढेरे यांची शेती होती. नाल्याच्या काठाने बाभूळ माजलेली असे आणि कापूस वेचून झाला की शेतात पऱ्हाट्या उभ्या राहत. हिवाळ्यात हे सगळं तोडून त्याच्या ढलप्या करायच्या आणि ट्रॉल्या भरून इंदूरच्या परदेशीपुऱ्यातल्या एका पुठ्ठ्याच्या कारखान्याला पाठवायच्या, असा जोडधंदा त्यांनी सुरू केला होता. ढलप्या करणारं यंत्र त्यांनी एका बंद पडलेल्या कारखान्याच्या लिलावात घेतलं. लिलावाच्या कागदात त्याचं नाव चिपर असं होतं. गावात सगळे त्याला कुट्टी म्हणत, कारण कडबा कापायच्या कुट्टीचंच ते थोरलं भावंड दिसे.

यंत्राची रचना साधी होती. मागे पोलादी पाती लावलेली जड चकती, तिच्यापुढे दातेरी रूळ. रुळांनी फांदी ओढायची, चकतीने कापायची. ट्रॅक्टरच्या पुलीला लांब पट्टा लावून चकती फिरवत आणि चकतीला जोडलेल्या गिअरवर रूळ फिरत. दोष या जोडणीतच होता. इंजिन बंद केलं तरी चकती आपल्या वजनाने फिरत राही, आणि ती फिरे तोवर रूळही ओढत राहत.

१९६९ च्या माघात गंगूबाईचा डावा हात रुळांत गेला. गंगूबाईच्या सासऱ्याने ढमढेऱ्यांच्या पागेत घोडी सांभाळली होती. पागा गेली, घोडी गेली, माणसं तिथेच राहिली. फांद्या घालणाऱ्या बायकांची ती मुकादम. बाभळीच्या दुबेळक्यात, म्हणजे दोन फांद्यांच्या बेचक्यात, तिच्या बांगड्या अडकल्या. ड्रायव्हरने ताबडतोब इंजिन बंद केलं, तरीही रुळांनी दोन बोटं घेतली. उरलेला हात तिने मनगट सोलवटून स्वतःच बाहेर ओढला.

दुसऱ्या दिवसापासून यंत्रापुढे एकही बाई उभी राहिली नाही. जयसिंगरावांनी गंगूबाईला इंदूरच्या मोठ्या दवाखान्यात ठेवलं. ती घरी परतल्यावर ते तिच्या ओट्यावर येऊन बसले आणि म्हणाले, “कुट्टी भंगारात देऊन टाकतो.”

“का बरं? लोखंडाने काय पाप केलं?” गंगूबाई म्हणाली. “भंगारात दिली की आमच्या बायका हिवाळाभर काय करणार? तुमच्या माडीखाली फुगड्या खेळणार?”

“मग काय करू, तूच सांग.”

“मी थांब म्हटलं की ती थांबली पाहिजे, दादासाहेब. बस, एवढंच. ज्या दिवशी थांबेल त्या दिवशी सगळ्यांच्या आधी मी उभी राहीन. नाही थांबली तर एक बाई येणार नाही. मीच येऊ देणार नाही.”

जयसिंगरावांनी यंत्र ट्रॉलीवर चढवलं आणि इंदूरला मल्हारगंजात तुकोजी भोईटे यांच्याकडे आणलं.

तुकोजींचं वर्कशॉप एका बोळात होतं. यंत्र बोळात शिरेना, म्हणून ते तोंडाशी असलेल्या मोकळ्या जागेत उतरवलं गेलं आणि शेजारचा कापडवाला दोन दिवस कुरकुरला. तुकोजींचे आजोबा होळकरांच्या तोफखान्यात गोलंदाज होते, वडील संस्थानच्या मोटारखान्यात. तुकोजी उंच, आवाजाचे मोठे. आपल्यासारखा मिस्त्री महूपासून उज्जैनपर्यंत नाही, असं ते स्वतःच सांगत, आणि ज्यांनी त्यांचं काम पाहिलं होतं ते वाद घालत नसत.

त्यांचा जोडीदार श्रीपाद आगाशे. परदेशीपुऱ्याच्या एका कापड गिरणीत इंजिनीअर, वयाने तुकोजींच्या निम्मा. त्याचे आजोबा संस्थानच्या हुजूर दफ्तरात होते. घरात काटेकोरपणा तिथून आलेला. गिरणीच्या एका लेथच्या दुरुस्तीवरून दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं आणि तेव्हापासून श्रीपाद सुटीच्या दिवशी मल्हारगंजात असे.

तुकोजींनी यंत्राभोवती एक फेरी मारली आणि निदान सांगितलं. “चकती आणि रूळ, दोघांचं लग्न लावलंय. पहिले यांची फारकत करायची.”

“आणि मग रूळ कशावर फिरवणार?” श्रीपादने विचारलं.

“तेलावर.”

ट्रॅक्टरला नांगर उचलण्यासाठी हायड्रॉलिकची सोय असते. पंप तेल दाबतो, तेल नांगर उचलतं. तेच तेल पाइपाने बाहेर आणून एका मोटरीत सोडलं तर मोटर फिरते. वाटेत व्हॉल्व्ह बसवला आणि तेलाचा रस्ता बदलला की मोटर जागच्या जागी थांबते. जडपणाने फिरत राहण्यासारखं तिथे काही नसतं. तुकोजींचा विचार इथवर अगदी बरोबर होता. पण त्यांना तेवढ्यावर थांबवेना. चकतीही त्याच तेलावर फिरवायची, पट्टा कायमचा फेकून द्यायचा, असं त्यांनी ठरवलं. पट्टा निसटतो, बायकांना ओलांडून जावं लागतं, ट्रॅक्टर पट्ट्याच्या सुतात उभा करावा लागतो. पाइप असले तर यंत्र थेट झाडापाशी नेता येईल.

श्रीपादने हिशेब केला. “राव, तेलात जोर आहे, पण तेल थोडं आहे. नांगर सावकाश उचलला तर चालतो. चकतीला मिनिटाला शेकडो फेरे पाहिजेत.”

“अरे भिया, एवढा नांगर उचलणारं तेल एक थाळी फिरवणार नाही?”

“नाही फिरवणार.”

तुकोजींनी जोडून पाहिलंच. ट्रॅक्टर धडधडला, पाइप ताठ झाले आणि ती जड चकती डोलत डोलत, एखाद्या म्हाताऱ्या बैलाच्या चालीने फिरू लागली. श्रीपाद हात बांधून पाहत होता.

“राव, तीळ आणू का? तेलाचा घाणा मस्त झालाय.”

कापडवाला गल्ल्यावर बसून खो खो हसला. तुकोजींनी ट्रॅक्टर बंद केला, हात पुसले, बाकावर बसले आणि विचारलं, “किती तेल पाहिजे, आकडा बोल.”

हे तुकोजींचं वैशिष्ट्य होतं. ते हट्टाने चुकत, पण चूक दिसल्यावर तिच्याशी भांडत बसत नसत. श्रीपादने आकडा सांगितला. तुकोजी भंगार बाजार पालथे घालू लागले, आणि चंबळच्या धरणाच्या कामावरून मोडीत निघालेल्या एका यंत्राचा पंप त्यांना सापडला. त्याचे दाते झिजले नव्हते, फक्त सील गेले होते. ट्रॅक्टरच्या मागे जो फिरता दांडा असतो, पीटीओ, त्यावर हा पंप बसवायचा आणि त्याला स्वतःची तेलाची टाकी द्यायची. मोठ्या पंपाचं तेल चकतीला, ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचं तेल रुळांना. दोन तेलं, दोन मोटरी, एकमेकांशी संबंध नाही.

पावसाळाभर काम चाललं. पंप आणि दांडा यांच्यामधली जोडणी तुकोजींनी तीनदा मोडून पुन्हा केली, कारण फिरताना ती केसभर हलत होती आणि श्रीपाद ‘चालेल’ म्हणत असूनही त्यांना चालत नव्हतं. प्रत्येक सांध्याभोवती ते जुन्या पांढऱ्या धोतराची चिंधी बांधून ठेवत. दिवसभर दाब ठेवल्यावर चिंधीवर तेलाचा ठिपका दिसला की सांधा उघडायचा. टाकी त्यांनी आतून इतकी घासली की श्रीपाद म्हणाला, यात खीर करता येईल. टाकीच्या झाकणाला हवेसाठी बारीक भोक ठेवलं होतं. तेल खाली गेलं की तेवढी हवा वरून आत आली पाहिजे, नाहीतर पंपाचा श्वास कोंडतो.

रूळ थांबवण्यासाठी तुकोजींनी उजव्या हाताला एक देखणा लिव्हर बसवला, पितळी मुठीचा. मग त्यांनी जयसिंगरावांना निरोप पाठवला की गंगूबाईला घेऊन या.

गंगूबाई आली. बरोबर लीला नावाची एक ठेंगणी तरुण बाईही होती. गंगूबाईने लिव्हर पाहिला, मुठीवरून हात फिरवला.

“छान आहे, मिस्त्रीजी. पालखीला लावा.”

“म्हणजे?”

“म्हणजे तुमचा हात अडकला तर तुम्ही हा खांब शोधत बसणार का?”

तुकोजींचा चेहरा उतरला, पण त्यांनी विचारलं, “अडकला तेव्हा काय झालं, नीट करून दाखवता?”

बंद यंत्रापुढे ती उभी राहिली. तिने झाडूचा दांडा रुळांपाशी धरला आणि लीलाला तो पलीकडून ओढायला सांगितलं. लीलाने ओढला. गंगूबाई ओढली गेली. डावा हात पुढे गेला, उजवा हात आपोआप डाव्याच्या मदतीला धावला आणि सगळं अंग पुढे कलून पोट यंत्राच्या कडेवर आदळलं. बाजूच्या लिव्हरकडे हात गेलाच नाही. तिने हे पुन्हा केलं, मग लीलाने केलं. दर वेळी तसंच.

“दोन्ही हात कामात आहेत,” श्रीपाद हळूच म्हणाला. “मोकळं फक्त पोट आहे.”

तुकोजींनी त्याच्याकडे पाहिलं आणि पान्हा उचलला. पितळी मुठीचा लिव्हर त्यांनी त्याच क्षणी काढला.

त्या जागी त्यांनी यंत्राच्या तोंडापुढे, रुंदीभर, एक आडवी दांडी बसवली, पोटाच्या उंचीला. दांडी व्हॉल्व्हला जोडलेली. अंग पुढे आलं की दांडी दबते, तेल परत फिरतं आणि रूळ थांबतात. दांडी मागे ओढली की रूळ उलटे फिरून गिळलेलं बाहेर देतात. कोणी घाबरून काहीही केलं, तरी त्याचं वजन त्या दांडीवरच पडणार होतं. श्रीपादने तिच्या स्प्रिंगचा जोर ठरवला, फार हलका नको, नाहीतर काम करताना सारखी थांबेल, आणि फार कडकही नको. लीलाच्या वजनावर तो बेतला, कारण ती सर्वांत हलकी.

खंडेनवमीच्या आधी काम संपलं. जोडणी तपासल्यावर टाकी भरली, पाइप मात्र यंत्र हलवता यावं म्हणून काढून रिकामे करून ठेवले.

खंडेनवमीला भोईट्यांकडे हत्यारांची पूजा होते आणि दसऱ्याचं सोनं लुटेपर्यंत कोणी हत्याराला हात लावत नाही. त्या दिवशी तुकोजी भगवं पागोटं बांधतात. आजोबांची तलवार मध्ये, भोवती पान्हे, हातोडे, वर्निअर. आनंदीबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, झेंडूच्या माळा करतात, पण शेंदूर तुकोजीच लावतात, तेलात कालवलेला, घट्ट, कारण घराणं तोफखान्याचं आणि तोफेला शेंदूर गोलंदाजच लावतो. त्या वर्षी त्यांनी चिपरलाही शेंदूर लावला, चकतीच्या घरावर, पंपावर, टाकीवर. मन लावून, बोटाने दाबून.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पाइप जोडून चाचणी घेतली. जयसिंगराव मुद्दाम आले होते. रूळ छान फिरले. पण मोठा पंप सुरू होताच त्यातून घोगरा, खडे दळल्यासारखा आवाज येऊ लागला. चकतीने वेग घेतला, मग धापा टाकल्या, मग थरथरू लागली. तुकोजींनी ट्रॅक्टर बंद करवला.

“पंपच खराब निघाला वाटतं,” जयसिंगराव म्हणाले.

“पंप खराब नाहीये, दादासाहेब. मी आतून पाहिलाय.” तुकोजींचा आवाज मात्र पहिल्यांदाच लहान झाला होता.

“माझा हिशेब चुकला असेल,” श्रीपाद म्हणाला. “टाकीतून येणारा पाइप बारीक पडला असेल.”

“तुझा हिशेब एकदा ऐकला नाही तर घाणा फिरवला मी. आता तूच म्हणतोस चुकला? गप बस यार.”

दोघांनी फिल्टर उघडला, स्वच्छ होता. सांधे तपासले, कोरडे होते. मग तुकोजी तेल किती आहे ते पाहायला टाकीचं झाकण फिरवू लागले. झाकण जड लागलं. ते सुटताच टाकीने मोठ्याने श्वास आत घेतला. बोळाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या सगळ्यांनी तो आवाज ऐकला. तेल बरंच खाली गेलं होतं, सगळं रिकाम्या पाइपांत भरलं होतं, आणि त्याच्या जागी हवा आलीच नव्हती.

तुकोजींनी झाकण उलटं करून उजेडात धरलं. भोक दिसेना. शेंदराचा घट्ट लाल गोळा त्यात बसला होता.

श्रीपादने झाकण हातात घेतलं, भोकाला तोंड लावून फुंकलं. हवा गेली नाही. ओठ लाल झाले.

“आमच्याकडे तोफेचा कान बंद करतात,” तुकोजी म्हणाले. “बत्ती द्यायचं भोक. पूजेच्या दिवशी कोणी तोफ भरू नये म्हणून शेंदूर-मेण घालून बुजवतात. आजोबा करायचे, मी पाहिलंय. हात सवयीने गेला. म्हणजे टाकीचा गळा मीच दाबला.”

“तोफ समजून,” श्रीपाद ओठ पुसत म्हणाला. “पण राव, काम पक्कं झालंय. शंभर वर्षांत इथून हवा गेली नसती.”

तुकोजी मोठ्याने हसले. जयसिंगरावांना पंप बदलायचा आहे का, असं त्यांनी विचारलं, आणि ते काही बोलायच्या आत स्वतःच उत्तर दिलं, “नाही.” भोक सुईने साफ केलं, त्यावर तांब्याची बारीक जाळी आणि एक वाकडी नळी बसवली, तोंड खाली असलेली, म्हणजे पुन्हा कोणाचं बोट तिथे पोचू नये, स्वतःचंही. पाइप पुन्हा रिकामे केले, सगळं पहिल्यासारखं जोडलं. या वेळी पंप गुणगुणला. चकतीने वेग घेतला आणि तो धरून ठेवला. बाभळीची मनगटाएवढी फांदी कडाकडा आत गेली आणि ढलप्यांचा फवारा कापडवाल्याच्या दारापर्यंत उडाला. तुकोजींनी दांडीवर हात टेकला, रूळ थांबले. मागची चकती फिरतच होती, फांदी मात्र जागच्या जागी, तसूभर पुढे जाईना.

यंत्र दिवाळीनंतर देपालपूरकडे गेलं. तुकोजी आणि श्रीपाद ट्रॅक्टरच्या मागोमाग जयसिंगरावांच्या जीपमधून आले. नाल्याकाठी बाभळीचा ढीग होता आणि थोड्या अंतरावर बायका उभ्या होत्या, कोणी पुढे येत नव्हती.

तुकोजींनी सगळं पुन्हा करून दाखवलं. फांदी घातली, दांडी दाबली, रूळ थांबले. दांडी ओढली, फांदी बाहेर आली. दाखवण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. बायका पाहत होत्या, पण जागच्या हलल्या नाहीत. त्यांचे डोळे गंगूबाईवर होते.

गंगूबाई पुढे आली. तिने लुगड्याचा पदर सोडला, एका जाड फांदीच्या बुंध्याला त्याची गाठ मारली आणि फांदी रुळांत दिली.

“अहो! हे काय?” तुकोजी ओरडले.

फांदी आत गेली. पदर ताणला गेला. त्याच्या ओढीने गंगूबाई पुढे खेचली जाऊ लागली. तिने दांडीला हात लावला नाही. पाय रोवले नाहीत. चेहरा पांढरा पडला होता. जयसिंगरावांनी ड्रायव्हरला हाक मारायला तोंड उघडलं आणि श्रीपाद धावला. तेवढ्यात तिचं पोट दांडीला लागलं आणि रूळ थांबले.

चकतीचा घोंगावणारा आवाज तेवढा राहिला. पदराची गाठ रुळांच्या तोंडाशी होती. गंगूबाई दांडीवर ओणवी होऊन तशीच राहिली. मग तिने तीन बोटांच्या डाव्या हाताने दांडी मागे ओढली. रुळांनी फांदी परत दिली. पदराला दातांच्या खुणा पडल्या होत्या, फाटला नव्हता.

“वेडबीड लागलं का तुम्हाला?” तुकोजी म्हणाले. “मी दाखवलं ना! दहादा दाखवलं!”

“तुम्हाला ठाऊक होतं ती थांबणार म्हणून,” गाठ सोडत ती म्हणाली. “हात माझा गेला होता, मिस्त्रीजी. तुमचं बघून माझं भागत नाही.”

तुकोजींनी डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली, जणू ती वाकडी झाली होती.

गंगूबाई बायकांकडे वळली. “ए लीला, ये इकडे. तू सगळ्यांत फुसकी, पहिले तू.”

“काय करू?”

“पड दांडीवर. पडून बघ.”

लीला घाबरत आली आणि डोळे मिटून पुढे कलली. रूळ थांबले. तिने एक डोळा उघडून पाहिलं आणि फिसकन हसली. मग दुसरी आली, मग तिसरी. एक जाडजूड बाई आली तेव्हा कोणीतरी ओरडलं, “जपून गं, दांडी वाकेल!” आणि ती मुद्दाम धाडकन पडली. प्रत्येकीसाठी रूळ फिरत आणि प्रत्येकीसाठी थांबत. जिचं मन भरलं नाही ती दुसऱ्यांदा पडली. श्रीपाद बाजूला बसून व्हॉल्व्हवर हात ठेवून होता आणि दर वेळी तेल परत फिरल्याचा हलका धक्का तळव्याला लागला की तुकोजींकडे पाहून मान हलवत होता.

जयसिंगरावांनी घड्याळ पाहिलं. दिवस वर चढत होता, ढीग तसाच होता, ट्रॉली रिकामी होती. त्यांनी घड्याळ खिशात ठेवलं, एका बुंध्यावर बसले आणि ड्रायव्हरला म्हणाले, “चालू दे. सगळ्या होऊ देत.”

शेवटची बाई बाजूला झाली. गंगूबाईने पदर कमरेला घट्ट खोचला, बांगड्या नसलेल्या मनगटांकडे एकदा पाहिलं, ढिगातली सर्वांत वेडीवाकडी, दुबेळक्याची फांदी शोधून काढली आणि यंत्रापुढे उभी राहिली.

“हं, आता माझ्या मागे रांगेत,” ती म्हणाली आणि फांदी आत घातली.